धागा कुणी काढला? रेशमाच्या एका टॅगचा इतिहास



समजा, तुमच्या एका मैत्रिणीने घरगुती व्यवसाय सुरू केलाय. रेशमी स्क्रंची, बटवे, स्टोल, श्रावण आला की राख्या. माल चांगला आहे, ऑर्डरी येतायत. आता तिला प्रत्येक वस्तूला एक छोटा टॅग लावायचाय आणि त्यावर लिहायचंय, 'अहिंसा रेशीम. नैतिक पद्धतीने तयार केलेलं.' तुम्ही पीएचडीच्या तयारीत आहात, म्हणजे तिच्या मते तुम्हाला जगातलं सगळं कळतं. ती विचारते, "असं लिहिलं तर चालेल ना?"

तुम्ही काय उत्तर द्याल?

हा प्रश्न मी मुद्दाम घेतलाय. एक तर माझं संशोधन रेशीमकिड्याच्या आसपासचं आहे. एमएस्सीला प्राणिशास्त्र होतं, तेव्हा किड्याच्या रेशीमग्रंथी प्रॅक्टिकलला बाहेर काढून मांडायच्या असायच्या. आता पीएचडीला विज्ञानाचा इतिहास आहे, म्हणून तोच किडा कागदपत्रांत शोधतो. दुसरं म्हणजे टॅगवरचं वाक्य आणि तुमच्या प्रपोजलमधलं वाक्य यांच्यात फार फरक नसतो. दोन्ही ठिकाणी आपण दावा करतो, आणि दावा म्हटला की त्याची हद्द कुठून कुठपर्यंत, हे सांगावं लागतं. गाईड पहिल्या भेटीत तेच विचारतात आणि आपण छताकडे बघतो.

आधी थोडं गणित करू. पोस्टर प्रेझेंटेशनच्या आधी आकडा हातात असलेला बरा. तुतीवर वाढलेल्या किड्याच्या एका ताज्या कोषाचं वजन साधारण दीड ते दोन ग्रॅम. एक किलो कच्चं रेशीम मिळवायला साधारण सात किलो कोष लागतात. रेशीमवाले या गुणोत्तराला रेंडिटा म्हणतात. आता साठ ग्रॅमचा स्टोल घ्या. कच्च्या रेशमावर सेरिसिन नावाचा डिंकासारखा थर असतो, धुलाईत सुमारे चौथा हिस्सा वजन तिथेच जातं. म्हणजे साठ ग्रॅम तयार कापडासाठी ऐंशी ग्रॅम कच्चं रेशीम, म्हणजे साडेपाचशे ग्रॅमच्या वर कोष, म्हणजे तीनशेच्या आसपास कोष. सहा ग्रॅमच्या स्क्रंचीला तीस. गणित ढोबळ आहे, जात आणि हंगाम बदलला की आकडा हलतो, पण घोळ केवढा आहे ते कळतं.

या प्रत्येक कोषात एक जीव असतो. किडा कोष विणतो, आत त्याचा प्युपा होतो आणि दहा-बारा दिवसांत पतंग बाहेर पडतो. आपल्या बीड-जालन्याकडचा शेतकरी कोष काढले की ते विकायला का पळतो, हे यातून कळेल. त्याच्या मालाला आतून घड्याळ लावलेलं आहे. पतंग बाहेर आला की कोषाला भोक पडतं आणि भाव कोसळतो. म्हणून भाव पडलाय, जरा थांबू, असं त्याला म्हणता येत नाही. जालन्यात कोषांची बाजारपेठ झाली नव्हती तेव्हा माल थेट कर्नाटकात रामनगरला जायचा, आणि घड्याळ प्रवासातही चालूच. कोष विकत घेणारा मग ते गरम हवेत किंवा वाफेत ठेवून आतला प्युपा मारतो. म्हणजे किडा वाढवतो एक, मारतो दुसरा, आणि पुण्य-पापाचा हिशोब विचारला जातो तिसऱ्याला, जो दुकानात स्टोल विकतोय.

भोक कसं पडतं, याची एक छान गोष्ट आहे. पतंगाला चावायला जबडाच नसतो, मग तो बाहेर येतो कसा? १९६४ साली हार्वर्डमध्ये फोटिस काफाटोस आणि कॅरल विल्यम्स यांनी दाखवलं की काही पतंग तोंडाजवळून एक प्रथिन-पाचक एन्झाइम सोडतात. ते कोषाचा डिंक विरघळवतं आणि पतंग सैल झालेल्या धाग्यांतून वाट काढतो. या एन्झाइमला कोकूनेज म्हणतात. त्यांचं काम अँथेरिया जातकुळीतल्या पतंगांवर होतं, म्हणजे आपल्या टसरच्याच भाऊबंदांवर. आणि काफाटोस तेव्हा विल्यम्सकडे पीएचडी करत होते, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगतोय.

तर मुद्दा असा की कोष एकदा उघडला की तो अखंड धागा सरळ उलगडत नाही. मूळ धागा साधारण एक किलोमीटर लांबीचा, पण आता त्याला कापसासारखं पिंजून कातावं लागतं. कातलेलं रेशीम जरा जाडसर आणि कमी चकाकीचं असतं. १९९०च्या दशकात हैदराबादला हातमाग खात्यातले अधिकारी कुसुम राजय्या यांनी हीच उणीव गुण म्हणून मांडली. पतंगांना बाहेर पडू द्यायचं, रिकामे कोष कातायचे आणि त्याला अहिंसा रेशीम म्हणायचं. पुढे त्यांनी या पद्धतीचं पेटंटही घेतलं. मागणी कुठून आली असेल हे समजायला फार डोकं लागत नाही. आपल्याकडे रेशमाचं एक मजेशीर दुहेरी स्थान आहे. पूजेला बसताना आजोबा मुकटा नेसायचे. रेशीम विटाळत नाही, ते सोवळं. त्याच घरात कांदा-लसूण चालायचा नाही, आणि तीनशे नव्हे, कित्येक हजार कोष उकळून झालेलं वस्त्र देवासमोर चालायचं. यात दांभिकपणा शोधायची मला घाई नाही. शुद्धतेचा प्रश्न आणि हिंसेचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न होते आणि त्या घरात पहिलाच विचारला जात होता, एवढं नोंदवून पुढे जाऊ. हे 'वेगळे प्रश्न' प्रकरण लक्षात ठेवा, पुन्हा लागेल.

बरं, मैत्रीण म्हणेल, माझा धागा अहिंसाच आहे, व्यापाऱ्याने तसं लिहून दिलंय. प्रश्न मिटला?

इथे आपल्याला फ्रान्सला जावं लागतं, कारण अंडी कुठून आली हे कुणी विचारलंच नाही. १८५३ साली फ्रान्समध्ये सुमारे २६ हजार टन कोष निघाले होते. १८६५ साली ते चार हजार टनांवर आले. पेब्रिन नावाच्या रोगाने किड्यांवर काळे ठिपके पडायचे आणि पिढ्यान् पिढ्या मरायच्या. त्या वर्षी रसायनशास्त्रज्ञ द्यूमा यांनी आपल्या विद्यार्थ्याला, लुई पाश्चरना, दक्षिणेत आलेस इथे जायची गळ घातली. पाश्चरना किड्यांतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. कीटकशास्त्रज्ञ फाब्र यांनी लिहून ठेवलंय की पाश्चर त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी कोष कानाशी हलवून पाहिला आणि आत काही आहे का, असं विचारलं. विषय बदलून पीएचडीला आलेल्यांनी हा प्रसंग वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला हरकत नाही.

पाच वर्षांनी, १८७० साली, पाश्चरनी रेशीमकिड्यांच्या रोगावर दोन खंडांचा ग्रंथ काढला. रोग आईकडून अंड्यात उतरतो, म्हणून उपाय सरळ होता. प्रत्येक मादीला वेगळं ठेवून अंडी घालू द्यायची. मग तिला खलबत्त्यात थोड्या पाण्याबरोबर कुटायचं आणि तो थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. रोगाचे कण दिसले की तिची अंडी जाळून टाकायची, नाही दिसले तर ठेवायची. रेशीम उद्योग वाचला तो यामुळे, आणि आजही आपल्याकडचे रोगमुक्त अंडीपुंज याच तत्त्वावर तयार होतात. म्हणजे शेतकऱ्याच्या संगोपनगृहात अळी येते तेव्हा तिच्यामागे कुटलेल्या मातांची एक रांग उभी असते. अहिंसा रेशमासाठी किडे वाढवणाऱ्यानेही असे अंडीपुंज आणले असतील, तर तीच रांग त्याच्याही मागे. आणि घरचीच अंडी वापरली, तर पेब्रिन वेशीवर आहेच.

कोणी म्हणेल, ती मादी तशीही दोन-चार दिवसांत मरणारच होती. बरोबर आहे. पाळीव रेशीमपतंग धड उडत नाही, खात नाही. पण मग हाच युक्तिवाद कोषातल्या प्युपालाही थोडाफार लागू होतो, आणि आपण तो तिथे मान्य करत नाही. शिवाय तुमच्या त्या एका स्टोलचे तीनशे पतंग जिवंत बाहेर पडले, त्यात दीडशे माद्या, प्रत्येकीची चारशे अंडी धरली तर साठ हजार अंडी. त्या साठ हजार अळ्यांना तुतीचा पाला कोण घालणार? एकतर अंडी नष्ट करायची, नाहीतर अळ्या उपाशी मरू द्यायच्या. पुण्यातली 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' ही संस्था रेशमाच्या विरोधात कित्येक वर्षं मोहीम चालवते आहे. त्यांचा रोख 'चांगलं रेशीम वापरा' याच्याकडे नसून रेशीमच नको याच्याकडे आहे. हे गणित केल्यावर त्यांची भूमिका निदान सुसंगत वाटते. सगळ्यांना पटेल असं नाही. मलाही पूर्ण पटत नाही, कारण माझ्या मते खरा पेच किड्यापाशी नाहीच. तो त्याच्या पुढच्या टप्प्यावर आहे.

कोष आणि कापड यांच्यामध्ये एक माणूस असतो, त्याच्याबद्दल बोलू. कोष गरम पाण्यात शिजवतात, डिंक मऊ होतो. मग धागा काढणाऱ्याने प्रत्येक कोषाचं टोक शोधायचं, आठ-दहा कोषांची टोकं एकत्र करून एक धागा ओढायचा. कोषाचा तंतू आत जाता जाता बारीक होतो, मधेच संपतो. संपला की त्या क्षणी दुसरा जोडायचा. एक चुकला की धागा तिथे पातळ. म्हणजे रेशमाचा दर्जा ठरतो तो इथे, ओल्या हातांत आणि सतत जागं राहावं लागणाऱ्या डोळ्यांत. विणकर कितीही कसबी असला तरी खराब धागा त्याला सुधारता येत नाही. त्यामुळे ज्याला एकसारखा धागा हवा असतो तो याच माणसावर दाब आणतो. पुढचं सगळं या तांत्रिक कारणातून निघतं.

आता एक गोष्ट तुम्ही नक्की ऐकली असेल: इंग्रजांनी ढाक्याच्या मलमल विणकरांचे अंगठे तोडले. शाळेत, भाषणात, व्हॉट्सअ‍ॅपवर. हिचा माग काढत मागे गेलात तर एका पुस्तकापाशी पोचता. विल्यम बोल्ट्स नावाचा व्यापारी, मूळचा डच, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये होता. कंपनीशी बिनसलं आणि १७६८ साली त्याला बंगालमधून हाकलण्यात आलं. १७७२ साली त्याने लंडनमध्ये कंपनीच्या कारभारावर पुस्तक छापलं. त्यात कंपनीचे गुमास्ते कारागिरांवर कशी सक्ती करतात हे सांगताना तो कच्चं रेशीम उलगडणाऱ्यांचा उल्लेख करतो, त्यांना 'नगाद' म्हणतो, आणि लिहितो की रेशीम काढायची सक्ती टाळावी म्हणून त्यांनी स्वतःचेच अंगठे कापून घेतल्याची उदाहरणं आहेत.

बघा, काय काय बदललं. मलमल नाही, रेशीम आहे. विणकर नाही, धागा काढणारा आहे. ढाका नाही. आणि अंगठा इंग्रजाने तोडला नाही, स्वतःच कापलाय. लोकांच्या तोंडी असलेल्या गोष्टीत विणकर राहिला आणि धागा काढणारा गायब झाला. मला यात कटबिट दिसत नाही. विणकर म्हटलं की डोळ्यासमोर माग येतो, साडी येते. धागा काढणाऱ्याचं चित्रच आपल्याकडे नाही. ज्याचं चित्र नाही तो गोष्टीतून गळतो.

पण थांबा, बोल्ट्स म्हणाला म्हणून ते खरं झालं का? तुमच्यापैकी बरेच जण इथे घसरतील, एक दंतकथा मोडल्याच्या आनंदात दुसरी पक्की करून बसतील. बोल्ट्सला कंपनीचा राग होता आणि कारणही होतं. तो स्वतःही खाजगी व्यापारात बरबटलेला होता, म्हणजे स्वच्छ साक्षीदार नव्हे. त्याच्या त्या वाक्यात गाव नाही, नाव नाही, आकडा नाही; पाहिलं असं तो म्हणत नाही, घडल्याचं ज्ञात आहे एवढंच म्हणतो. सेमिनारमध्ये असलं वाक्य तुम्ही वापरलंत तर पाच मिनिटांत सोलून निघाल.

म्हणून दुसरा कागद बघायचा, शक्यतो उलट बाजूचा. तो आहे. १७ मार्च १७६९ ला कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी बंगालला पत्र पाठवलं. बंगालमध्ये कच्च्या रेशमाचं उत्पादन वाढवा, रेशमी कापडाला मात्र उत्तेजन देऊ नका, आणि धागा काढणाऱ्यांना कंपनीच्या कारखान्यांतच काम करायला लावा, घरी करण्याला बंदी घाला, असा त्याचा आशय. इंग्लंडमधल्या मागांना कच्चा माल हवा होता, तयार कापड नको होतं. हे पत्र आपल्यापर्यंत पोचलं ते १७८३ सालच्या संसदीय समितीच्या नवव्या अहवालामुळे. एडमंड बर्क त्या समितीत होते आणि त्यांना कंपनीचं वाभाडं काढायचंच होतं. तरीही पत्र कंपनीचं स्वतःचं आहे, तिच्या शत्रूने रचलेलं नाही. पुढे रमेशचंद्र दत्तांच्या १९०२ सालच्या आर्थिक इतिहासामुळे अशा पुराव्यांची भारतीय वाचकांना ओळख झाली.

आता दोन्ही कागद शेजारी ठेवा. अंगठे कापल्याचं सिद्ध होत नाही. धागा काढणाऱ्यावर सक्ती करण्याचा हेतू होता आणि तो वरून, लेखी आला होता, हे मात्र सिद्ध होतं. प्रबंधात तुम्हाला एवढंच लिहिता येईल, आणि खरं सांगायचं तर ते अंगठ्याच्या गोष्टीपेक्षा जास्त जड आहे. एखाद्या क्रूर गुमास्त्याने केलेला अत्याचार वेगळा आणि दर्जा सुधारण्याच्या धोरणाचा भाग म्हणून केलेली सक्ती वेगळी. त्याच सुमारास कंपनीने इटलीतल्या पीडमाँटची धागा काढण्याची पद्धत बंगालमध्ये आणायला माणसं पाठवली. कासिमबाजार, कुमारखालीसारख्या ठिकाणी भट्ट्या आणि कढया असलेले कारखाने उभे राहिले. बंगालचा घरगुती धागा असमान असतो ही तक्रार खरी होती आणि नवी पद्धत तांत्रिकदृष्ट्या चांगलीच होती. 'चांगलं तंत्र' आणि 'घरी काम करायला बंदी' एकाच वर्षात आले. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना पहिली गोष्ट प्रगती म्हणून शिकवली जाते आणि दुसरी कुठल्याच पेपरला येत नाही.

मधली दोनशे वर्षं मी सोडतोय. म्हैसूर, टाटांनी बंगळुरात जपानी तज्ज्ञांकरवी चालवलेली रेशीमशेती, १९४८ सालच्या कायद्याने आलेलं केंद्रीय रेशीम मंडळ, हे सगळं महत्त्वाचं आहे, पण आपल्या टॅगसाठी नाही. सरळ २००३ वर या. त्या वर्षी ह्यूमन राइट्स वॉचने भारतातल्या रेशीम उद्योगातल्या वेठबिगार मुलांवर अहवाल काढला. कर्नाटक, तमिळनाडू आणि उत्तर प्रदेशात त्यांनी मुलाखती घेतल्या होत्या. घरच्यांनी उचल घेतलेली आणि ती फिटेपर्यंत मूल कामाला बांधलेलं. कर्नाटकातली मुलं धागा काढण्याच्या कामावर, उकळत्या पाण्यात हात. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा, बालकामगारांचा १९८६ चा. कायदे होते.

२०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कुठल्याही कामावर ठेवायला बंदी आली, पण शाळेची वेळ सोडून घरच्या व्यवसायात मदत करायला सवलत राहिली. ही सवलत का दिली त्याची कारणं समजू शकतात. पण 'लहान, घरगुती, कौटुंबिक' या तीन शब्दांवर टॅगचं सगळं आकर्षण उभं असतं आणि नेमकं तिथेच तपासणीचा हात आखडतो. मोठ्या कारखान्यात निरीक्षक जाऊ शकतो. घरातल्या कढईपाशी बसलेली दहा वर्षांची मुलगी मदत करतेय की काम, हे कोण ठरवणार?

तुमची मैत्रीण कदाचित म्हणेल, मग मी टसर घेते. आपल्या विदर्भातलं. चांगला विचार आहे. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवतात, उघड्यावर, पाखरांपासून आणि मुंग्यांपासून राखत. ढिवर समाजातल्या कुटुंबांचं हे पिढ्यांचं काम. तुतीची शेती नाही, औषधफवारणी नाही. कोष कडक, कोश्यासारखाच घट्ट शब्द त्याला: कोसा. (नेमाड्यांच्या कादंबरीचं नावही याच कुळातलं, वाचली नसेल तर प्रबंध सुरू करण्याआधी वाचा, नंतर वेळ मिळत नाही.)

पतंग बाहेर पडलेल्या टसर कोषांपासून जो धागा काढतात त्याला घिच्चा म्हणतात. म्हणजे बाजाराच्या भाषेत चक्क अहिंसा रेशीम. खडबडीत, मातकट सोनेरी, स्टोलला फार सुंदर दिसतो. मैत्रिणीला हवं तेच.

आता तो कसा काढतात ते बघा. छत्तीसगड, झारखंड, बिहार, ओडिशाच्या टसर पट्ट्यात बायका मांडी घालून जमिनीवर बसतात, साडी वर घेतात, एका हाताने कोषातून तंतू ओढतात आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने तो उघड्या मांडीवर घासून पीळ देतात. दिवसभर. घर्षणाने कातडी सोलते, काळी पडते, जखमा होतात. तासन् तास एकाच बैठकीत पाठ आणि गुडघे जातात ते वेगळंच. टसरचे अखंड कोषही असेच मांडीवर काढले जायचे. गेल्या दशकात केंद्रीय रेशीम मंडळाने ही पद्धत बंद करायची मोहीम घेतली आणि 'बुनियाद' नावाचं यंत्र या बायकांना द्यायला सुरुवात केली. यंत्रावर धागा जास्त निघतो, एकसारखा निघतो आणि कातडी शाबूत राहते.

आणि आता टॅगकडे परत बघा. 'पूर्णपणे हाताने काढलेला धागा' असं लिहिलं तर किंमत वाढते. 'यंत्रावर काढलेला' लिहिलं तर ग्राहक नाक मुरडतो. म्हणजे जीव न मारलेला, हाताने काढलेला, ग्रामीण महिलांनी तयार केलेला, असा तिहेरी नैतिक स्टोल एखाद्या बाईच्या सोललेल्या मांडीवरून आलेला असू शकतो, आणि टॅगवरचा प्रत्येक शब्द तरीही खरा असेल. इथे मला सौम्य बोलता येत नाही. हाताने बनवलेलं म्हणजे आपोआप चांगलं, हा समज ज्यांना ते हात वापरावे लागत नाहीत अशांचा आहे.

एरी रेशमाचंही थोडक्यात सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. आसामकडचा एरंडावरचा किडा, कोष एका बाजूने उघडाच, त्यामुळे पतंग न मारता कातता येतो. पण तिथे प्युपा काढून खातात. तो आवडीचा पदार्थ आहे. कोष रिकामा मिळतो, पतंग उडालेला असेलच असं नाही. शाकाहारी ग्राहकाला हे सांगितलं तर तो दचकतो, आसामच्या घरात मात्र काही वाया जात नाही.

तर मग सरकारी शिक्का? २००४ पासून 'सिल्क मार्क' आहे, होलोग्रामवालं लेबल. ते उपयोगी आहे, पण ते एवढंच सांगतं की हे अस्सल नैसर्गिक रेशीम आहे, भेसळ नाही. धागा कुणी काढला हा त्याचा प्रश्न नाही. मघाशी मुकट्यापाशी आपण म्हणालो होतो, शुद्धतेचा प्रश्न वेगळा.

तुम्ही या भागात संशोधन करायचं ठरवलंत तर जागा भरपूर आहे. किड्यांवर आपल्याकडे पोत्याने पेपर आहेत, विणकरांवर बरंच लिहिलंय, पैठणीवर तर विचारूच नका. धागा काढणाऱ्यांवर त्या मानाने फार थोडं. येवल्यातली पैठणी कुणी विणली हे मालक कौतुकाने सांगतो, विणकराचा फोटोही असतो. धागा विचारला तर उत्तर 'बंगळूरहून येतो' इथे संपतं. मुलाखतीला जाताना हातात वही असू द्या आणि 'बंगळूरहून' च्या पुढचा प्रश्न तयार ठेवा.

मैत्रिणीला मी काय सांगेन? 'अहिंसा' आणि 'नैतिक' हे दोन्ही शब्द सध्या काढ. धागा देणाऱ्या व्यापाऱ्याला फोन कर आणि चार गोष्टी विचार. कोष कुठले? धागा कुठल्या गावात काढला? मांडीवर, चरख्यावर की यंत्रावर? काढणारीला किलोमागे काय मिळालं? दोन उत्तरं तरी मिळतील, बाकीच्यांना तो "मॅडम, ते कसं सांगणार" म्हणेल. मिळालेली दोन छापायची. 'टसर, भंडारा जिल्हा. धागा बुनियाद यंत्रावर.' टॅग छोटा आहे, एवढं मावतं. मजुरीच्या ओळीची जागा रिकामी ठेवायची, आणि पुढच्या ऑर्डरच्या वेळी व्यापाऱ्याला तोच फोन पुन्हा करायचा.